टाइलांमागची वायर

धुळ्याचं आमचं स्वयंपाकघर नवं झालं आणि तेव्हापासून मला त्याची शिसारी बसली. पांढऱ्या टाइल्स, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, सोनेरी कडांचे स्विचबोर्ड. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, नावाजायच्या, आणि मी चहा गाळताना मनात म्हणायचे, वरून कीर्तन आतून तमाशा.

काम दिलं होतं नवऱ्याच्या एरंडोलच्या आतेभावाला. आमच्याकडे घरचा माणूस म्हणून काम देतात आणि घरचा माणूस म्हणूनच त्याला काही विचारत नाहीत. मी विचारलं. ओव्हनला वेगळी जाड वायर टाकणार ना, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग येणार ना, आणि बेसिनच्या डोक्यावर पॉइंट कशाला? तो माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून हसला. पॉइंट बेसिनवरच बसला, कारण टाइलवरच्या फुलांच्या मधोमध तिथेच येत होता.

काही दिवसांत मिक्सरला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. सासूबाई वाटण करतात ते अनवाणीच. स्वयंपाकघरात देव्हारा आहे, चप्पल चालत नाही, आणि बेसिनपाशी फरशी कायम ओली. मी आतेभावाला बोलावून घेतलं. तो आला, शेवभाजी दोनदा मागून घेतली, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "वहिनी, पायखाले पाट ठेवा, काही व्हत नही. बठ्ठा गाव असंच करस."

सगळा गाव असंच करतो, हे सगळ्यांना पटलं. ओट्यापुढे पाट आला. मला त्या पाटाची किळस यायची, त्यावर निमूट चढणाऱ्यांचीही.

मग एका सकाळी सासूबाई कांदा-खोबऱ्याचं वाटण करत होत्या. झाकण पुसायला त्या पाटावरून उतरल्या आणि ओल्या हाताने मिक्सर धरला. हात झटक्याने मागे गेला आणि त्या खालीच बसल्या. मी हाका मारत राहिले. हॉलमध्ये टीव्ही चालू होता. कितीतरी वेळ त्यांच्या बोटांना कप धरवत नव्हता.

मेन बंद करून मी बेसिनवरचा बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोकं, तिसऱ्याच्या मागे वायरच नाही. जुन्याच वायरींना चिकटपट्टी गुंडाळलेली, खाली मेलेली झुरळं, आणि पेटीत पाणी उतरलेलं.

अर्थिंगची वायर टाकायची तर टाइल्स फोडायला हव्यात. संध्याकाळी घरात बैठक बसली. नवरा म्हणाला, या डिझाइनच्या टाइल्स आता मिळणार नाहीत. सासऱ्यांना काळजी भाच्याला काय वाटेल याची. सासूबाई स्वतःची बोटं चोळत म्हणाल्या, "फोडू नको माय. टाइल भारी शे. मी पाटवर उभी ऱ्हासू."

त्या घरात मी बरंच ऐकून घेतलं आहे, पण हे वाक्य ऐकून घेणार नव्हते. बाईने स्वतःची किंमत टाइलच्या खाली लावली होती आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परस्पर बोलावलेला वायरमन यायच्या आधी मीच हातोडा घेतला आणि बेसिनवरच्या फुलांवर घातला. पहिल्याच घावाला बापलेक धावत आत आले. नवरा खाली बसून तुकडे गोळा करायला लागला, एकमेकांना लावून बघायला लागला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या बोटांकडे अजून कोणी बघितलं नव्हतं.