कडू घास कुणाच्या दारात

आम्ही दोघी बहिणी सांबरा गावात एकाच गल्लीत दिलेल्या. आक्का थोरली, म्हणून माझ्या घरातही तिचाच हुकूम. गल्लीत कुणी वारलं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. त्यात आक्का सगळ्यांच्या पुढं. बांधावरून ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याकडंही ती भाकरीची बुट्टी घेऊन जायची आणि परत आली की अबोला पुन्हा सुरू!

तिचा एकुलता एक लेक लष्करात, लांब डोंगराळ मुलखात. मागं कुठल्याशा देशाच्या फौजेनं भाकरीच्या रांगेतली माणसं मारली, तेव्हा आक्काच्या सोप्यात टीव्हीसमोर बसून अख्खी गल्ली पेटली होती. खुनी आहेत, फासावर चढवा म्हणत होती.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर लेकाच्या मुलखातली बातमी आली. कामावरून जीपनं घरी निघालेल्या मजुरांना आपल्याच जवानांनी गोळ्या घालून मारलं होतं, अतिरेकी समजून. टीव्हीवाला म्हणाला, दुर्दैवी चूक. गल्लीही तेच म्हणाली आणि चहा पिऊन घरी गेली. माझं डोकंच फिरलं. तिकडं खून आणि इकडं चूक?

आक्का उठली, भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, बुट्टीत भरलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. न्यायचं कुठं?

संध्याकाळी लेकाचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"तू हुतास काय रं तितं?"

"न्हाय आई. दुसरी तुकडी हुती. चौकशी लावलीया."

आक्कानं श्वास सोडला. मला वाटलं, आता रडेल.

"त्या मजुरांच्या घरला कोण गेलं काय?"

"न्हाय गं. आमाला बघून दारं लावून घेत्यात."

"घेऊ देत. भाईर बसावं."

"तसं जाता येत न्हाय आई. परवानगी लागती."

"गोळ्या घालताना लागलीती काय?"

तो हळूच म्हणाला, "परवा रजा सुरू हुतीया माजी. गाडीचं तिकीट काढलंय."

वर्षभर ती याच वाक्याची वाट बघत होती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"माग परवानगी. आदी त्यांच्या दारात जा, लेकरा. मग घरला ये."