मीटर उलटं फिरणार नाही

आमच्या नेपियर टाउनच्या घरात चाकाचं मीटर होतं तेव्हा एक माणूस दारात आला होता. बाबांना म्हणाला, "बाबूजी, चुंबक लगा दूँ? मीटर उल्टा घूमेगा." बाबा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले, ते त्याची कॉलर धरून. तो सरळ शेजारी शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तेव्हापासून शेजारचे चाचाजी आणि बाबा यांचं बोलणं नमस्तेच्या पुढे गेलेलं नाही.

हे सगळं मी साफ विसरलो होतो. म्हणून यंदा छतावर सोलर बसवायचं ठरवलं तेव्हा सोलरवाल्याला हौसेनं बाबांसमोर आणून बसवलं. तो म्हणाला, "अंकलजी, दिन में आपका मीटर उल्टा चलेगा."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "चलो, उठा."

जेवताना मी शिकवायला घेतलं. पोळी म्हणजे सूर्य, वरणाची वाटी म्हणजे ग्रिड. "बाबा, हे स्मार्ट मीटर आहे. घेतलेली वीज वेगळी मोजते, दिलेली वेगळी. दुपारी ऊन असतं तेव्हा वीज भरपूर, म्हणून स्वस्त. संध्याकाळी सगळेच वापरतात, म्हणून महाग..."

"काहून समजावून राहिला तू मला? मी असेपर्यंत या घराचं मीटर उलटं फिरणार नाही."

माझं ग्रिड थंड होऊन त्यावर साय धरली होती. बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "बाबा, चोरी नाही हो ती. आपली उरलेली वीज तारेतून बाहेर जाते."

"कोणाकडे?"

मी तोंड उघडलं, पण तिनं मला संधी दिली नाही. "जवळ जो वापरत असेल त्याच्याकडे. आपल्या चाचाजींचा कूलरच धरा ना."

बाबांनी पोळी संपवली, ताटाला नमस्कार केला आणि म्हणाले, "बसव."

मला वाटलं, जिंकलो. आता मे महिना चालू आहे. दुपारी मोबाइलवर संदेश येतो, वीज स्वस्त आहे, जड कामं आत्ताच उरका. मी कपड्यांची मशीन लावतो, पंप लावतो, कूलर लावून आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच सगळं शांत. बटणापाशी बाबा उभे.

"अहो, हीच तर वापरायची वेळ आहे. कंपनीच सांगते."

"मला कोणी सांगायचं नाही. जाऊ दे बाहेर."

"मी शिजून राहिलो, बाबा."

"बनियान काढ."

परवा चाचाजी फाटकाशी थांबले. छताकडे बघून हसत म्हणाले, "क्यों भाईसाहब, आख़िर आपका मीटर भी उल्टा चल पड़ा?"

बाबा फाटकाकडे निघाले. मला ती कॉलर आठवली आणि मी घाईघाईनं चप्पल शोधायला लागलो.

"उल्टा नहीं, सीधा है," बाबा म्हणाले. "जो लेते हैं वो भी लिखता है, जो देते हैं वो भी. धूप में मत खड़े रहिए. जाकर कूलर चलाइए, हमारी बिजली है."

चाचाजी घरात गेले. थोड्या वेळानं त्यांचा कूलर घरघरू लागला. बाबा आत येऊन खुर्चीत टेकले, कान देऊन ऐकत राहिले. मग माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तोही बंद कर."