देवळालीच्या जिन्यावरचा हात

भोये गुरुजी. सगळ्यात आधी हे नाव लिहितो, कारण ते नसते तर मी आज काही लिहायला बसलोच नसतो. आमचं गाव सुरगाणा तालुक्यात. भात-नागली घरात आली की आई-बाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे जायचे. मी चौथीत असताना गुरुजींनी मला मजुरांनी भरलेल्या जीपमधून खाली उतरवून घेतलं, आणि पुढे दर हंगामाला त्यांच्या घरी ठेवलं. आमच्या घराण्यात मी पहिला ग्रॅज्युएट, बी.एस्सी. भूतखेत, भगत, उतारा यांवर माझा कधी विश्वास नव्हता, तोही गुरुजींचाच संस्कार. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर हसा... मीही हसलो असतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही देवळाली कॅम्पात एका जुन्या जोडबंगल्याचा अर्धा भाग घेतला. घरात मी आणि बायको सुनीता, दोघंच. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. घराला सागवानी जिना आहे. चौदा पायऱ्या, सातवीला वळण, आणि वळणावर कठड्याचा जाड खांब, ज्याच्या डोक्यावर ताटलीएवढी सपाट फळी. आधीच्या मालकांनी सगळ्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचे थर दिले होते. गेल्या डिसेंबरात गुरुजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. एकटेच असतात, त्यांची बायको गेल्यापासून. माझ्या मनात होतं, आता त्यांना परत जाऊच द्यायचं नाही. त्यांना धरायला कठडा पक्का हवा, म्हणून घोटीच्या शंकर मिस्त्रींना जिन्याचं काम दिलं.

शंकर मिस्त्री माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. पहिले चार दिवस नुसता रंग खरवडला. कठड्याचे हललेले तीन गज काढून नवीन बसवले, पॉलिश पेपर मारला. आतून मधासारखं सागवान निघालं. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, कापसाचा बोळा, आणि तासन् तास तोच हात, पुढे-मागे, पुढे-मागे.

गुरुजी एका डोळ्यावर पट्टी लावून जिन्यापाशी खुर्ची टाकून बसायचे. सुरुवातीला मला बरं वाटलं, म्हातारा माणूस रमला. मग एक दिवस ऑफिसातून आलो तर गुरुजी पायरीवर बसलेले, हातात बोळा!

"जोर नाय द्यायचा गुरुजी," मिस्त्री सांगत होते, "लेकराच्या डोक्याला तेल लावतो ना, तसं."

"असं का रे, शंकरबाळा?"

शंकरबाळा. मला त्यांनी आयुष्यात कधी बाळा म्हटलं नव्हतं. मी देवरामच. दहावीला केंद्रात पहिला आलो तेव्हासुद्धा "ठीक आहे देवराम, आता गणिताकडे बघ."

रात्री जेवताना गुरुजी म्हणाले, "देवरामचं काय, हुशारच होता, कुठेही पास झाला असता. पण शंकरसारखा हात शिकवून येत नाही हो."

सुनीता स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं तोंड काय केलंय?"

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर आत काहीतरी जळत होतं, आणि पंचेचाळिशीच्या माणसाला त्याची लाज वाटावी एवढं जळत होतं.

शेवटचा हात मारून झाला तो रविवार होता. दुपारचे बारा वाजले असतील. मिस्त्री म्हणाले, "आता उद्यापर्यंत कोनी हात लावायचा नाय. वरून वाळल्यालं दिसतंय, पन आतून कच्चं हाय. आनि उद्या पयला हात घरातल्या वडीलधाऱ्याचा. आमच्यात तशी रीत हाय. गुरुजी, तुमचा."

पहिला हात गुरुजींचा, हे मी म्हणायला हवं होतं. माझं घर, माझे गुरुजी. पण मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "छे, छे. वडीलधारा राहू दे. ज्यानं केलं त्याचा पहिला हात. शंकरचा."

सगळे जेवायला बसले. मी हात धुऊन येतो म्हणून उठलो, सातव्या पायरीवर गेलो, आणि खांबावरच्या फळीवर उजवा पंजा पूर्ण दाबला. मनात मोजून दहापर्यंत. मग स्पिरिटने हात पुसला आणि पानावर येऊन बसलो.

जेवणं झाल्यावर मीच ओरडलो, "मिस्त्री, हे काय? हात टेकलात वाटतं!"

मिस्त्रींनी ठसा पाहिला. माझी करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसलेली आहे, ठशातही ती वाकडी होती. त्यांनी माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आसंल साहेब. माजंच ध्यान नसंल." लगेच घासलं आणि नवा हात मारून घोटीला गेले. त्या संध्याकाळी गुरुजींनी मिस्त्रींचं नाव काढलं नाही, आणि मला – लिहायला लाज वाटते – बरं वाटलं.

सकाळी मिस्त्री आले तेव्हा आम्ही चौघंही जिन्यापाशी होतो. फळीवर ठसा होता. पॉलिश काचेसारखं कडक वाळलेलं, आणि त्यात उजवा पंजा. तोच, वाकड्या करंगळीचा. फक्त लहान... आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हाताएवढा.

घराला आतून कडी होती. जवळच्या लष्करी रेंजवर तोफांचा सराव सुरू होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या.

गुरुजी हळूहळू चढून आले. वाकले, बोटांनी चाचपलं. करंगळीपाशी त्यांचं बोट थांबलं. चिंचेवरून पडलो तेव्हा त्यांनीच फूटपट्टी बांधून ती सरळ करायचा प्रयत्न केला होता. मग त्यांनी आपला पंजा त्या ठशावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"देवराम," एवढंच म्हणाले. मग, "मला दुपारच्या एसटीत बसवून दे."

"गुरुजी, डोळ्याची पट्टी अजून..."

"सुरगाण्यालाही दवाखाना आहे."

मिस्त्रींनी ती फळी त्यानंतर दोनदा घासली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ठसा तिथेच, तेवढाच. तिसऱ्यांदा त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "ऱ्हाऊ द्या साहेब. त्याला जायाचं नाय."

पॉलिशच्या दुकानदाराने दमट हवेचं कारण सांगितलं. डिसेंबरात, देवळालीत! केमिस्ट्रीवाले एक मित्र म्हणाले, खालच्या थरातला दाब वर येतो. येत असेल. पण मग तो लहान कसा होतो? आज सात महिने झाले. ठसा आहे. गुरुजींना मागच्या आठवड्यात पाठवलेलं पत्र तेवढं खाली देतो.

*

ती. गुरुजींस,

सा. न. वि. वि.

तुम्ही ओळखलं होतंत, तरी माझ्या तोंडून सांगायचं राहिलं. पहिला ठसा माझा. शंकर मिस्त्रींचा हात लागला नव्हता. ते खोटं मी तुमच्यासमोर, त्यांच्या तोंडावर बोललो.

रविवारी घोटीला जाऊन त्यांना सांगून आलो. ते म्हणाले, "ठावं व्हतं साहेब." मग चहा दिला. मी त्यांच्या घरच्यांसमोर माफी मागितली.

दुसऱ्या ठशाचं मला काही कळत नाही. तुम्हाला कळलं असेल तर रागावून का होईना, कळवा. तुम्ही मला मुलासारखं सांभाळलंत. ते मला एकट्यालाच मिळावं असं मला अजून वाटतं, हे त्या दिवशीच मला समजलं.

खालची खोली तुमच्यासाठी झाडून ठेवली आहे. याल तर मिस्त्रींनाही बोलावेन. नाही आलात तर मी समजून घेईन.

घोटीत मिस्त्रींच्या देव्हाऱ्याशेजारी एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. अक्षर लांबून तुमच्यासारखं वाटलं. जवळ जाऊन बघावंसं फार वाटलं, गुरुजी. मी बघितलं नाही.

आपला,
देवराम