शिक्का मारा, मंग पुढं धाडा

आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते स्पॅमच्या फोल्डरसारखे. कोणी उघडत नाही, कोणी पुसतही नाही! आदिलाबादच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून आम्ही चौघं साऱ्या जगासाठी नियम लिहितो. फॉरवर्ड होऊन आलेला ईमेल खरा की खोटा, हे मशीननं कसं ओळखावं, त्याचा. मसुदा बेला गावच्या सुनंदाताईंचा, चार वर्षं खपून केलेला. मंजुरी देणाऱ्या जागतिक समितीनं बजावलं होतं, "शेवटच्या चाचणीत मेल अडला, तर मसुदा रद्द."

*

असला नियम लागतो कशाला, ते आमचा सर्वर सांभाळणाऱ्या नरसय्याला विचारा. सासऱ्यानं मेहुणीच्या साखरपुड्याचा मेल धाडला. मधे पाव्हण्यांच्या ग्रुपनं खाली आपली एक ओळ जोडली. मजकूर बदलला, सासऱ्याची डिजिटल सही मोडली, मेल थेट स्पॅममध्ये, जावई साखरपुड्याला गैरहजर! दुसऱ्या दिवशी सासरा गुडीहत्नूरहून बैलगाडीनं आला आणि बुंदीची परात टेबलावर आपटली. "जावईबापू, आता हे टाका स्पॅममंदी!"

गाडीत वाजंत्रीही होते. शपथ!

*

उपाय सुचवला गंगारामकाकांनी. तहसिलीतून रिटायर झालेले, आमच्या फायली सांभाळतात. "काऊन डोकं खाजवून राह्यले? आमच्या दफ्तरात कागद ज्याच्या टेबलावर ये, तो आधी पाहे, पयली सही शाबूत हाय का. मंग आपली मोहर मारे, मंगच पुढं धाडे."

ताईंनी तेच लिहिलं. मधल्या प्रत्येक सर्वरनं मेल आला तेव्हा काय पाहिलं ते नोंदवावं, वर आपली मोहर लावावी. समिती खूश! काकांना मात्र एकच घोर, "शाई कोन पुरवन?"

*

पहिल्याच चाचणीत आमच्या सर्वरनं लॉटरी लागल्याच्या खोट्या मेललाही 'सही शाबूत' अशी मोहर मारली!

"अन्ना, तुमचा सर्वर लयच भोळा!" ताई नरसय्यावर वैतागल्या.

काका म्हणाले, "असा एक साहेब आमच्याकडंबी होता. न पाहता मोहर मारे. त्याले बढती भेटली!"

मसुद्यात एक कलम वाढलं: मोहर कोणाची आहे, तो भरवशाचा आहे का, तेही पाहावं.

*

शेवटची चाचणी. मेल तीन सर्वरवरून समितीकडे निघाला. आम्ही पंखासुद्धा बंद केला, उगाच वाऱ्यानं अडायला नको! अर्ध्या तासानं नरसय्या ओरडला, "पास! मसुदा मंजूर! ताई, समितीचा मेल तुम्हाला फॉरवर्ड केला, बघा!"

ताईंनी डोळे पुसत बेल्याला फोन लावला, स्पीकरवर. "आई, मंजूर झाला!"

"कोन सांगे?"

"समितीचा मेल आला ना."

"थेट तुले आला, का कोनाच्या हातून?"

"नरसय्याअन्नाच्या."

"मंग नीट पाह्यलं?"

ताईंनी चष्मा लावला, स्क्रीनवर वाकल्या आणि एकेक मोहर तपासू लागल्या. आम्ही तिघं श्वास रोखून मागं उभे.

"शाबूत हाय, आई."

"मंग आता गल्लीत सांगाले हरकत नाई."