टँकरच्या सालातले सिनिअर

मी, बाप्पा अन् सलीम, आमी तिघं भेटलो की हॉस्टेलचे किस्से निघतात. घरचे लोक "हे ऐकलंय" म्हणत उठून जातात, अन् आमी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

अंबाजोगाईला थर्ड इयरला गेलो, ते साल दुष्काळाचं. तोवर सिनिअरच्या बादल्या आमीच वाहिलेल्या. आता आपला टाइम आला, असं वाटत होतं.

पहिल्याच दिवशी चकलांब्याचा बाप्पा कडक इस्त्री करून पायरीवर बसला. एका नव्या पोराला म्हणाला, "इकडं ये बे. परिचय दे."

पोरानं नाव, गाव, आजोळ सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं, "तुमच्या आईचं माहेर पाटोदा का?"

"हाय. कावून?"

"मंग मी तुझा मामा लागतो."

सगळ्या ज्युनिअरांदेखत बाप्पाला वाकून पाया पडावं लागलं. मामानं आशीर्वाद दिला, "मोठा हो."

टँकर आला की आधी सिनिअर, हा नियम सलीमचा. सलीम मेकॅनिकचा पोरगा, आवाज लई मोठा. सगळ्यांना मागं सारून तो टॉवेल गुंडाळून टँकरच्या नळीपुढं बसला अन् डोक्यापासून साबण लावला. तेवढ्यात ड्रायव्हरला निरोप आला, पाणी एका लग्नात न्यायचंय. टँकर निघाला. सलीम फेसासकट मागं पळाला, मुलींच्या हॉस्टेलवरून पार स्टँडपर्यंत.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीत एका मुलीनं त्याला विचारलं, "साबण कोणता वापरता हो? लई फेस होतो."

मग टँकरचं पाणी सारखं वाटायला बाप्पानं बादल्यांची सहकारी सोसायटी काढली. वडील साखर कारखान्याच्या राजकारणात, त्यामुळं चेअरमनकी आपलीच, असं तो धरून चाललेला. पण ज्युनिअरांची मतं जास्त. चेअरमन मामा झाला.

बाप्पा रुसला. "निदान संचालक तरी कर."

मामा म्हणाला, "घराणेशाही चालणार न्हाई."

गॅदरिंगला एक पुढारी पाहुणे आले. त्यांच्या हस्ते वृक्षारोपण ठेवलेलं. व्यवस्था सिनिअरांकडं, म्हणजे सलीमकडं. पाहुण्यांनी कळशी उचलली, तर हलकी लागली. आत डोकावले. थेंब नव्हता. समोर फोटोवाला, मागं प्राचार्य. पाहुण्यांनी गंभीर चेहऱ्यानं रिकामी कळशी वाकडी केली. टाळ्या झाल्या.

कळशी तशीच धरून त्यांनी सलीमला हळू आवाजात विचारलं, "झाड कशाचं हाय?"

"साहेब, बाभळीची फांदी हाय. सकाळीच तोडून रोवली."

पाहुण्यांनी फांदीकडं पाहिलं, कळशीकडं पाहिलं.

"मंग अजून थोडं ओततो," म्हणाले.