गोणपाटाखालची स्ट्रॉबेरी

तापातून उठल्यावर ह्यांना चव परत आली, वास मात्र आला नाही. दुसऱ्या कुणाचं एवढ्याने फारसं अडलं नसतं. पण इकडे कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं उदबत्त्यांचं दुकान, सासऱ्यांच्या वेळचं. पुडा न फोडता नुसता नाकाशी धरून हे सांगायचे, माल ताजा आहे की गोदामात पडून होता. आता हे पुडा नाकाशी धरत आणि माझ्याकडे बघत. माझं नाक म्हणजे फोडणी करपली तर कळेल, एवढंच. एकदा जुन्या गिऱ्हाइकाने पुडा परत आणून ठेवला, "अण्णा, हे नेहमीचं नाही." त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "संक्रांत झाली की दुकान देऊन टाकू." मला इतका राग आला की मी आमटी वाढायचीच विसरले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीचे वास रोज घेत जा. लवंग, कापूर, लिंबू, सगळं झालं. हे शहाण्या मुलासारखे हुंगत आणि मान हलवत. मग मला महाबळेश्वर आठवलं. लग्नानंतर आम्ही तिथे गेलो होतो. शेतात सगळे स्ट्रॉबेऱ्या खात होते आणि माझा नवरा वाफ्यात वाकून नुसता वास घेत होता. म्हणाला होता, "बाटलीतला वास खोटा गं. खरा हा, देठ तुटला की क्षणभरच येतो." मला तेव्हा वाटलं होतं, कुठल्या वेड्याशी गाठ बांधलीय माझी!

दसऱ्याला मी स्ट्रॉबेरीची रोपं आणली. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तापल्या सळईने भोकं पाडली, लाल माती आणि शेणखत भरलं. दिवाळीनंतर पांढरी फुलं आली, मग हिरव्या गाठी धरल्या. सकाळी धुकं असायचं. मी कॉफी घेऊन गच्चीवर बसायचे आणि डोळे मिटले की दिसायचं, एक फळ लाल झालंय, हे देठ तोडतायत आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलतोय. कॉफी गार व्हायची. खाली हॉर्न वाजत असायचे, भाजीवाला ओरडत असायचा, पण ते सगळं फार लांबून आल्यासारखं वाटायचं. कितीदा तरी मी तो चेहरा पाहिला.

एक फळ लाल होऊ लागलं आणि डिसेंबरची थंडी आली. आता आमच्या गावची थंडी ती काय! पंखा बंद केला की लोक कानटोप्या घालतात. पण मोबाइलवर कुठल्याशा बर्फाच्या देशातली बाई सांगत होती, हिवाळ्यात कुंड्या गोणपाटाने झाका, नाहीतर रोपं मरतात. मी स्वतः स्वेटर घालून बसलेली, मला ते लगेच पटलं. मंडईतून गोणपाट आणलं आणि बादल्या नीट गुंडाळून ठेवल्या. शेजारच्या अक्का दोरीवर कपडे टाकताना म्हणाल्या, "एन री, काय हो, बाळंतिणी झोपवल्यात काय?" मी म्हटलं, हसा स्वल्प, हसून घ्या थोडं.

तेवढ्यात चेन्नईकडे वादळ आलं आणि आमच्याकडे झिमझिम लागली. ती थांबेचना. जिना निसरडा, माझा गुडघा दुखरा, मी वर गेलेच नाही. उलट सुरुवातीलाच एक जादा गोणपाट टाकून आले होते म्हणून निर्धास्त होते. अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटायचं, वर सगळं उबेत पिकतंय.

ऊन पडलं त्या सकाळी हे टाकीतलं पाणी बघायला वर गेले. थोड्या वेळाने ओरडले, "अगं, वर ये! काय मेलंय इथे?"

मी कठडा धरत धरत वर गेले. ह्यांनी गोणपाट उचललं होतं. खाली पानं काळी पडलेली आणि माझं ते एकुलतं एक लाल फळ राखाडी बुरशीने मढलेलं. थंडीने काही झालं नव्हतं. मीच उबवून कुजवलं होतं. मला रडू फुटलं.

"रडू नको," हे म्हणाले, "रोपं पुन्हा आणू. पण काय गं ही घाण! सडकं गोणपाट, ओलं शेण, आणि त्याच्या मागे काहीतरी आंबट-गोड..."

बोलता बोलता हे थांबले. मीही रडायची थांबले. दोघांपैकी कुणालाच 'वास' हा शब्द उच्चारायचा धीर होईना.

मग ह्यांनी ते बुरसटलेलं गोणपाट दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.