शिगेहारू भावजींचं फिरतं कपाट

माझे थोरले दीर शिगेहारू यांनी जन्मभरात एकच गोष्ट घडवली, ती म्हणजे डावी मूठ.

मूठ खेळण्यातल्या रोबोची. तेव्हा तोक्योच्या या पूर्वेकडच्या गल्ल्यांत घरोघर खेळण्यांचे कारखाने होते. कारखाना कसला, पुढे यंत्र, मागे चूल आणि माडीवर अंथरुणं. कुणाकडे नुसती डोकी व्हायची, कुणाकडे चाकं, कुणाकडे बायका बसून खोकी चिकटवायच्या. भावजी ज्या कारखान्यात लागले तिथे गोतेन्मारू नावाच्या रोबोची डावी मूठ व्हायची. उजवी नदीपलीकडे. ती भावजींनी कधी होताना पाहिलीसुद्धा नाही. मुठीच्या मागे स्प्रिंग असायची. कळ दाबली की मूठ सुटून समोरच्याच्या डोळ्यात. ती स्प्रिंग नीट बसली आहे ना, हे भावजी दाबून बघायचे. बस. एवढ्या कामावर माणूस म्हातारा झाला, निवृत्त झाला आणि आता 'गोतेन्मारूला ताकद मी दिली' असं सांगत फिरतो.

गोतेन्मारू दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर यायचा. आगीचा बंब, क्रेन आणि आगगाडी अशी तीन वाहनं एकमेकांत घुसायची, त्यांचा डोंगराएवढा रोबो व्हायचा, तो घसा फाडून ओरडायचा, मूठ सोडायचा आणि समुद्रातून आलेलं काहीतरी फुटायचं. पुढच्या शनिवारी समुद्रातून दुसरं काहीतरी. मी तेव्हा नवी सून. एकदा म्हणून गेले, "भावजी, तुमचं कार्टून लागलं."

"कार्टून नाही, सुमिए. अ‍ॅनिमे!"

"फरक काय हो?"

"कार्टून हसवतं. अ‍ॅनिमे रडवतं."

आणि खरंच रडायचे. रडता रडता एकदा त्यांच्या नाकातून शेवया आल्या होत्या. मला हसूच आलं, म्हणजे माझ्यासाठी ते कार्टूनच.

सासरे कानेकिची पत्र्याच्या मोटारी बनवायचे. चावी दिली की सरळ जायची, भिंतीला आपटली की थांबायची. थोरल्याच्या रोबोकडे बघून ते म्हणत, "मोटार असशील तर धाव, माणूस असशील तर काम कर. सोयीप्रमाणे दोन्ही, हे काय?" सासऱ्यांशी माझं फार बोलणं नव्हतं, पण या एका बाबतीत मी त्यांच्या पक्षातली.

सासरे गेले तसा पूर्वजांचा देव्हारा थोरल्याच्या वाट्याला आला. आमच्याकडे रीतच ती. ज्या घरातून अजून कुणाला स्मशानात नेलं नाही त्या घरात देव्हारा नसतो, त्यामुळे आमच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, घरी भिंत मोकळी. सासूबाईही भावजींकडेच राहिल्या. मी रोज सकाळी भांड्यातला पहिला भात वाटीत घेऊन चार घरं चालून जायची, सासऱ्यांच्या नावाच्या काळ्या पाटीपुढे ठेवायची, घंटा वाजवायची आणि आमिदा बुद्धाचं नाव घ्यायची. जाऊबाई, नात्सुएताई, स्वभावाने गरीब. पण त्या बाईला देव्हाऱ्यापर्यंत पोचायला वाट तर हवी!

कारण निवृत्तीनंतर भावजींनी गोतेन्मारू जमवायला घेतले. लहान, मोठे, निळे, सोनेरी, परदेशात निघालेले, परदेशातून परत आलेले. सगळे खोक्यात. खोकं उघडायचं नाही, त्यावरचा कागद फाडायचा नाही, उन्हात ठेवायचं नाही. स्वतःच्या लेकीला एकाला हात लावू दिला नाही. जे खेळणं कुणी खेळलंच नाही त्याला खेळणं का म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही. रविवारी पाठीला पिशव्या अडकवलेले चाळिशीचे बापे येतात, दारातच वाकून "गुरुजी, डावी मूठ तुमचीच का?" म्हणून विचारतात, आणि गुरुजी डोळे मिटून मान हलवतात. नात्सुएताई आत चहा करून करून दमतात. खोकी वाढत गेली तसा देव्हारा मागे सरकत गेला. आधी खिडकीच्या बाजूला, मग कोपऱ्यात, मग गाद्या ठेवायच्या कपाटात. सासरे गाद्यांमध्ये! मी वाटी घेऊन कपाटाचं सरकतं दार उघडायची तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात सासऱ्यांचं तेहेतिसावं श्राद्ध आलं. हे शेवटचं. त्यानंतर माणूस स्वतःच्या नावाने राहत नाही, सगळ्या पूर्वजांत मिसळतो. पुरोहित त्याच्या नावाची पाटी मंदिरात घेऊन जातात आणि ती अग्नीला देतात. सासूबाई नव्वदीच्या. आठवडाभर आधी माझा हात धरून म्हणाल्या, "सुमिए, आजवर मी पाटीशी 'अहो' म्हणून बोलले. आता ते पूर्वज होणार. पूर्वजांशी मी काय बोलू? मला त्यातले किती ठाऊक आहेत?"

मग थोरल्याला बोलावलं. "शिगे, एक मागते. त्या दिवशी तुझ्या बापासमोर ती खोकी नकोत. मला त्यांना शेवटचा धूप नीट वाहायचा आहे. एक दिवस."

"आई, तू काळजीच करू नकोस," भावजी म्हणाले. "मी उपाय काढलाय." त्यांच्या तोंडावर ते हसू होतं. ते हसू आलं की घरातल्या बायकांनी भांडी आवरायला घ्यावीत.

उपाय म्हणजे फिरतं कपाट. भिंतीजवळ गोल पाट, त्याखाली मोटर, त्यावर दुतोंडी कपाट. एका बाजूला कमरेएवढा गोतेन्मारू, डोळ्यांत लाल दिवे लावलेला. दुसऱ्या बाजूला देव्हारा. दोन टाळ्या वाजवल्या की कपाट घरघर करत फिरायचं, गोतेन्मारू मागे जायचा आणि सासरे पुढे यायचे, किंवा उलट. पुन्हा फिरवायचं तर मागची कळ दाबायची, तोवर जागचं हलणार नाही.

"रूपांतर!" भावजी म्हणाले. "घर लहान, गरजा दोन. एरवी गोतेन्मारू, श्राद्धाला बाबा."

आमचे हे म्हणाले, "दादा, नुसती खोकी माडीवर नेली असती तर?"

"तुला यंत्रातलं काय कळतं, मासायुकी? तू पोस्टात होतास."

मी विचारलं, "भावजी, श्राद्धाच्या मध्येच फिरलं तर हो?"

"अगं, टाळ्या कुठे वाजवतात? शिंतो देवळात. बुद्धासमोर कुणी टाळी वाजवतं का? आपण हात जोडतो, आवाज करत नाही. म्हणून तर टाळी ठेवली! याला डोकं लागतं, सुमिए."

त्या दिवशी सगळे काळ्या कपड्यांत. मी सासऱ्यांना आवडणाऱ्या, गोड तळलेल्या तोफूत भरलेल्या भाताच्या मुदी करून नेल्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्या लग्नानंतर शिवलेला काळा किमोनो काढला होता, त्याला कापराचा वास. भावजींनी मागची कळ दाबून सासऱ्यांना पुढे आणलं, फळं ठेवली, आणि आम्ही रांगेने गुडघ्यांवर बसलो. पुरोहित आले. म्हातारे आहेत, डोळे अधू, सूत्र म्हणताना पोथीवरून नजर हलत नाही. त्यांनी घंटा वाजवली. कपाट गप्प. भावजींनी माझ्याकडे वळून भुवई उडवली. बघ म्हणे.

मग पुरोहितांनी लाकडी मासा पुढे ओढला. हा पोकळ मासा, कपड्याने गुंडाळलेल्या दांडीने त्यावर ठोके देत सूत्र म्हणायचं असतं. मंदिरात जाणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक आहे. भावजींना नव्हतं, कारण भावजी मंदिरात जातात ते नवीन वर्षाच्या गोड सूपासाठी.

पोक्, पोक्.

घर्रर्र.

सासरे निघाले. पाटी, दिवा, माझी भाताची वाटी, सगळं सावकाश भिंतीकडे वळलं, आणि पुढे आला गोतेन्मारू, कमरेवर हात, छाती पुढे. लाल डोळे लुकलुकले. पुरोहित पोथीत डोळे घालून पुढे म्हणतच होते.

कुणीच काही बोललं नाही. आमची माणसं तशीच. सूत्र चालू असताना घर पेटलं तरी आधी सूत्र संपू देतील. आमच्या ह्यांनी भावाला कोपर मारलं. कळ कपाटाच्या मागे; तिकडे जायचं म्हणजे पुरोहितांच्या पुढ्यातून, फळांवरून. ती लाज कोण घेणार? त्यापेक्षा गप्प बसायची लाज बरी, असं त्यांनी ठरवलं.

आणि धूप वाहायची वेळ झाली. आधी थोरला. भावजी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले, चिमूटभर धूप उचलून कपाळाला लावला, निखाऱ्यावर टाकला आणि रोबोला वाकून नमस्कार केला. अगदी मनापासून वाकले हो. सासऱ्यांपुढे मी त्यांना इतकं वाकलेलं कधी पाहिलं नाही.

मग सासूबाई. मी काखेत हात घालून पुढे नेलं. त्यांनी धूप उचलला, मान वर केली आणि तशाच थांबल्या. चिमूट हवेत. ते लाल डोळे त्यांच्या तोंडावर लुकलुक करत होते. पुरोहितांचा आवाज, माशाचे ठोके, आणि ही बाई नवऱ्याला शोधत एका आगीच्या बंबाकडे बघते आहे. शेवटी त्यांनी धूप टाकला. टाकला म्हणजे हातातून सुटला. मग हे, मग नात्सुएताई, मग मी. मी डोळे मिटूनच घेतले.

सूत्र संपलं. पुरोहितांनी पोथी बंद करून कपाळाला लावली, मान वर केली, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हं," ते म्हणाले. "कानेकिचीसान फार... बलवान झाले आहेत."

नात्सुएताईंच्या तोंडून फस्सकन आवाज आला. त्यांनी रुमालात तोंड लपवलं.

भावजी उठले, कळ दाबली, सासऱ्यांना पुढे आणलं. "किरकोळ बिघाड. पण विचार करा महाराज, तेहेतिसाव्याचं सूत्र गोतेन्मारूवर झालं! असा गोतेन्मारू जपानात दुसरा नसेल. आता यात आत्मा आला असं म्हणायचं का?"

"आला असेल तर खेळणं टाकण्याआधी तो सूत्र म्हणून काढावा लागेल," पुरोहित म्हणाले.

"टाकतोय कोण!"

सासूबाई अजून गुडघ्यांवरच होत्या. "महाराज, पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

"आजी, सूत्र जिथे मन असतं तिथे पोचतं. धूप कुठे पडला यावर काही नाही."

"तेच म्हणते मी. माझं मन त्या मेल्या रोबोच्या डोळ्यांत होतं. लुकलुकत होते. मी त्यांच्याशी काय बोलणार होते तेसुद्धा विसरले. पुन्हा करा. पण इथे नको."

मी म्हटलं, "आमच्याकडे चला. चार घरं तर आहेत."

"धाकट्याच्या घरी?" भावजी ओरडले. "देव्हारा नाही तिथे! थोरल्याच्या घरी श्राद्ध ही आपली रीत. लोक काय म्हणतील, आई?"

"लोक?" सासूबाई माझ्या खांद्याला धरून उठल्या. "लोकांनी तुझ्या बापाला गाद्यांत बघितलं, शिगे. आता सुमिएच्या शिवणयंत्रावर बघतील."

त्यांनी स्वतः पाटी उचलली, रेशमी रुमालात बांधली आणि छातीशी धरली. पायांत चपला घालायला मी वाकले तर म्हणाल्या, "राहू दे, मी चालते." चार घरं चालायला त्यांना फार वेळ लागला. तांदूळवाला दुकानातून बाहेर येऊन वाकला. पुरोहित मागून मासा घेऊन, त्यांच्यामागे नात्सुएताई फळांचं ताट घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आल्या.

मी शिवणयंत्रावर पांढरा कपडा घातला, त्यावर पाटी, पुढे घरातलीच एक मेणबत्ती, माझ्या भाताच्या मुदी आणि कपभर चहा. धुपाचं भांडं नव्हतं, भाताच्या वाडग्यात राख भरली. सासूबाई समोर बसल्या आणि पाटीकडे बघतच राहिल्या. चेहरा सैलावला. त्यांनी किमोनोची कॉलर नीट केली, भेटायला आलेल्या माणसासमोर करावी तशी.

हे भावाला आणायला गेले होते, ते एकटेच परतले.

"काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

"टाळी आणि ठोका यातला फरक मोटरला शिकवतोय म्हणतो. दहा मिनिटांत आलो, तोवर सुरू करू नका."

पुरोहितांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पुढे आणखी एका घरी जायचं होतं. "थोरल्या चिरंजीवांसाठी थांबू या का, आजी?"

"कशाला? त्याने सगळ्यांत आधी वाहिला की धूप. त्याचा देव त्याला लाल डोळ्यांनी बघतो, अजून काय हवं? तुम्ही म्हणा."

पुरोहितांनी माशावर ठोका दिला. सासूबाईंनी धूप उचलून राखेवर ठेवला, पाटीच्या अगदी जवळ वाकल्या आणि ओठ हलवत काहीतरी सांगायला लागल्या. सूत्र संपलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. पुरोहित पाटी न्यायला रुमाल पसरून बसून राहिले, आणि पुढच्या घरच्यांना थांबावं लागलं.